सावडीची हजेरी

कोसमटोल्यात कुठं भांडण लागलं, की लोक आधी रुखमाबाई घरी आहे का ते बघून घेत. ती असली तर भांडण लवकर मिटे, कारण थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना मिळून तिच्याशीच भांडावं लागे. तिचा नवरा लटारू दिवसाकाठी दहा शब्द बोलायचा, त्यातले सहा बैलांशी. बोलायचं काम नवराबायकोत वाटलेलं असतं असं धरलं, तर लटारूनं आपला वाटाही तिलाच देऊन टाकला होता.

पण अशा बाईचाही एक मऊ कोपरा होता. त्यांची एकुलती पोर झिंगू, वय वर्षं दहा, इयत्ता चौथी. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन रुखमाबाई घरी निघाली, की वाट वाकडी करून शाळेच्या मागच्या कुडाशी उभी राही. आत झिंगू लहान पोरांना पाढे म्हणून दाखवत असे. मास्तरांनी ते काम तिच्यावरच सोडलेलं होतं. रुखमाबाईला एकोणतीसचा पाढा बरोबर की चूक काय कळणार! पण पोर कुठं अडखळत नाही एवढं तिला कळे, आणि तेवढ्यानं भारा हलका वाटे. दृष्ट लागेल म्हणून हे ती कोणाला सांगत नसे.

मनात तिचा बेत पक्का होता. आरमोरीला तिची बहीण दिलेली होती. झिंगू चौथी पास झाली, की बहिणीच्या घरी ठेवायची आणि तिथल्या शाळेत पाचवीत घालायची. मग पोरीला दरसाल कापसात यावं लागणार नाही.

कापसाचं असं होतं. कोसमटोल्याची बांधी ती केवढी, आणि धान ते किती! कापणी आणि चुरणं, म्हणजे मळणी, उरकली, की अर्धं गाव नानाजी मुकादमाच्या टोळीत वरोऱ्याकडे कापूस वेचायला निघे. वडशापर्यंत पायी, तिथून छोट्या गाडीनं चांदा, पुढं मोठ्या गाडीनं वरोरा. जायचं ते दिवाळीनंतर, यायचं ते फाल्गुनात. नानाजी घरामागं तीन जोड हात मोजून घ्यायचा. दोनच जोड आले तर त्या घराला टोळीत जागा नाही, मग बसा घरी आंबील पीत. रुखमाबाईच्या घरचा तिसरा जोड म्हणजे झिंगूचे हात. आतापर्यंत जुने मास्तर या चार महिन्यांकडे काणाडोळा करत आले होते. पोर हुशार, परत आली की आठ दिवसांत सारं भरून काढी, आणि विचारणारं कोणी नव्हतं.

चोपन्न साली विचारणारं आलं. कोतवालानं दवंडी दिली, की सहा ते अकरा वर्षांचं पोर शाळेत दिसलं नाही, तर मायबापावर खटला होईल. तालुक्याला त्यासाठी एक साहेबच नेमला होता. त्याचं खरं नाव गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. सारे त्याला सक्तीसाहेब म्हणत.

बाकीच्या बायका कुरकुरल्या. रुखमाबाईला मात्र आनंद झाला. सरकारनं पहिल्यांदाच काहीतरी तिच्या मनासारखं केलं होतं. त्या आनंदातच ती जुन्या मास्तरांकडे गेली. ते तेव्हा बदलीची गाठोडी बांधत होते.

"मास्तर, मी कापसात जाऊन राह्यली. झिंगूले तिथच्या शाळेत बसवीन म्हणते. कागद द्या जी."

"दाखला देतो की," मास्तर म्हणाले. "पण दाखला दिला, की इथलं नाव कमी होतं. मग चौथीच्या परीक्षेला इथून बसता येणार नाही."

"तं तिथून बसंन."

"परीक्षा चैतात. तोवर तिकडंच राहाल का?"

"टोळी फाल्गुनात परतते. चैतात काय रिकाम्या वावराच्या धुऱ्यावर बसून राहू?"

"मग नाव इथंच ठेवा."

"हाव, ठेवा."

"पण मग ती इथं हजर पाहिजे. गैरहजेरी झाली तर परीक्षा नाही, वरून लटारूला समन्स."

रुखमाबाईनं डोक्यावरचा पदर खसकन ओढला. "म्हंजे दाखला घेतला तं परीक्षा नाई, अन् नाई घेतला तरी नाई? हा कायदा कोण केला जी? त्याले लेकरं हायेत का नाई?"

मास्तर गाठोडं बांधत राहिले. त्यांची बदली झाली होती. आता हा कायदा त्यांचा नव्हता.

घरी येऊन ती लटारूवर ओरडली, मग बैलांवर, मग चुलीवर. रात्रभर तळमळली आणि सकाळी अंगण झाडताझाडता तिला वाट सापडली. ती वाट कोसमटोल्याच्याच माणसाला सापडावी, दुसऱ्याला नाही.

त्या गावात सारं काम सावडीवर चाले. आज तू माझ्या बांधीत धान रोव, उद्या मी तुझ्या. एखाद्या घरचं माणूस आजारी पडलं, तर त्याच्या जागी दुसऱ्या घरचं उभं राही आणि परतफेड पुढं होई. उन्हाळ्याआधी वणवा अडवायचा पट्टा साफ करायला जंगलखात्याचा नाकेदार घरटी एक माणूस मागे, तेव्हाही तेच. लटारूच्या घरचा म्हणून शेजारचा नथ्थू उभा राहिला, तर नाकेदाराचं काही म्हणणं नसे. तो डोकी मोजायचा. सरकारला डोकी हवी असतात हे गावानं बापजाद्यांपासून पाहिलं होतं. आता सरकारनं शाळेसाठी डोकी मागितली होती, एवढंच.

शेजारच्या कमळाची पोर चंदा आठ वर्षांची होती. कमळाचा नवरा नथ्थू गावची गुरं राखी, म्हणून ते कुटुंब कुठं जात नसे. सक्तीसाठी पोरांची मोजणी झाली तेव्हा चंदा मामाच्या गावी होती, त्यामुळं तिचं नाव कुठल्याच कागदावर चढलं नव्हतं. ज्या पोराचं नाव नाही त्याला सक्ती नाही. चंदा दिवसभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन शेळ्यांमागं फिरत असे.

"तुह्या चंदाले चार महिने झिंगूच्या नावानं बसव," रुखमाबाई कमळाला म्हणाली. "नाव पुकारलं की हजर म्हणाचं, बस. मी रोवणीत दहा दिवस तुह्याकडे येईन."

"अन् लहान्याले कोण पाहीन?"

"चंदाच घेऊन जाईन ना शाळेत! शाळेत काय वाघ हाये?"

कमळाला हे पटलं. साऱ्या गावाला पटलं. यात कोणी चोरी पाहिली नाही, कारण लपवलेलं काहीच नव्हतं. फक्त नव्या मास्तरांना सांगायचं राहिलं, आणि तेही कोणाला आठवलं नाही. नाकेदाराला तरी कोण सांगत होतं!

टोळी निघून गेल्यावर, कार्तिकात, नवे मास्तर गुणवंतराव आले. भंडाऱ्याकडचे, तरणेताठे, नवं लग्न झालेले, आणि हजेरीला काटेकोर. रोज सकाळी उभ्यानं नावं पुकारत. "झिंगू लटारू!" म्हटलं, की मागून भावाला मांडीवर घेतलेली एक चिमुरडी ताठ उभी राहून "हजर!" म्हणे. बाकी पोरं हाताआड हसत. मास्तरांना वाटे, लहान भाऊ आणते म्हणून हसतात.

इकडे वरोऱ्याजवळ पिंपळझरीत रुखमाबाईनं आपली बाजू चोख ठेवली. कापूस वेचायचा तो दव वाळल्यावर. झिंगू मायसोबत दुपारपर्यंत वेची, मग हात धुऊन शाळेच्या ओट्यावर जाऊन बसे. आत बसायला दाखला लागतो. तो नव्हता. तिथले मन्सूर मास्तर वरोऱ्याच्या पिंजाऱ्याचे चिरंजीव, मोठा मोकळा माणूस. त्यांनी पहिल्या दिवशी झिंगूला एक धडा वाचायला लावला, दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि मग स्वतःची खुर्ची दाराशी ओढून घेतली, म्हणजे आतल्या पोरांनाही ऐकू जावं आणि ओट्यावरच्या पोरीलाही. तिच्या येण्याचे दिवस ते एका कच्च्या वहीत लिहीत.

फाल्गुनात टोळी निघाली तेव्हा त्यांनी एक चिठ्ठी दिली. झिंगू लटारू ही मुलगी अमुक दिवस शाळेत आली, चौथीचा अभ्यास पुरा झाला, गणितात पक्की आहे. खाली सही आणि शाळेचा शिक्का.

"बाई, दाखला नाही हा," ते म्हणाले. "पण दाखवा कोणाला. कामी आला तर आला."

रुखमाबाईनं ती चिठ्ठी चोळीत ठेवली आणि चांद्यापर्यंत तीनदा चाचपली. तिच्या मते आता काही अडायचं नव्हतं. इथली हजेरी चंदानं भरलेली, तिथला अभ्यास झिंगूनं भरलेला. राहिली फक्त परीक्षा.

गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ती झिंगूला तेल लावून, वेणी घालून शाळेत घेऊन गेली. दारातूनच हाक मारली, "चंदा, ऊठ व बाई, झालं तुहं काम! मास्तर, ही घ्या आमची झिंगू."

गुणवंतरावांच्या हातातला खडू तसाच राहिला. "ही कोण?"

"झिंगू. झिंगू लटारू."

"झिंगू लटारू ती आहे." मास्तरांनी मागं बसलेल्या चंदाकडे बोट केलं.

"ते कमळाची चंदा होय जी. सावडीनं बसली होती."

मास्तरांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते टेबलाकडे वळले. टेबलावरचं हजेरीबुक त्यांनी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. चार महिने एकही खाडा नव्हता. साऱ्या शाळेत पुरती भरलेली हजेरी एकट्या झिंगू लटारूचीच होती. मागच्याच महिन्यात सक्तीसाहेब येऊन त्या नावाखाली शाबासकीचा शेरा मारून गेले होते.

"मंग बरं झालं ना," रुखमाबाई म्हणाली. "बसवा तिले चौथीत."

"बाई, झिंगू लटारू चौथीत नाही," मास्तर हळूच म्हणाले. "सहामाहीत तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पुस्तक उलटं धरलं होतं. मी वर कळवलं आणि तिला पहिलीत उतरवलं."

झालं! करायला गेली गणपती आणि झाला मारुती. चंदानं झिंगूच्या नावानं हजेरी दिली, ती झिंगूच्या नावानं परीक्षेलाही बसली, आणि झिंगूच्या नावानं नापासही झाली. चंदाची यात काय चूक? तिला हजर म्हणायला सांगितलं होतं, ती म्हणत गेली. पहिलीत उतरवल्यावर मात्र तिला मजा येऊ लागली होती. भावाला मांडीवर थोपटत ती पाटीवर अ, आ गिरवत असे आणि घरी जाऊन शेळ्यांना वाचून दाखवी.

रुखमाबाईचं तोंड सुटलं. तिनं मास्तरांना विचारलं, की चौथीतलं पोर एका रात्रीत अक्षर कसं विसरेल, हे तुम्हाला कळलं नाही? मास्तर म्हणाले, मला वाटलं आधीच्या मास्तरांनी ढकलत आणली असेल. तिनं विचारलं, मग कोणाला पुसलं काऊन नाई? मास्तर म्हणाले, तुम्ही सांगितलं काऊन नाई? इतके दिवस शुद्ध बोलणारा माणूस तिच्याच भाषेत बोलून गेला, यावरून त्याची अवस्था ओळखावी.

"तालुक्याले जाईन मी," ती म्हणाली. "चिठ्ठी हाये माह्याजवळ."

मास्तरांचा चेहरा उतरला. "बाई, ती चिठ्ठी दाखवाल तर माझं हजेरीबुक खोटं ठरेल. नोकरी जाईल माझी. जुलैत घरी पाळणा हलणार आहे."

रुखमाबाईला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून अधिकच राग आला. चिडलेल्या माणसाला समोरचा नालायक असला म्हणजे किती सोयीचं असतं! हा तर नुसता घाबरलेला पोरगा होता. तरी ती गेली. पोरीच्या चौथीपुढं दुसऱ्याचा पाळणा किती दिवस बघणार?

तालुक्याच्या कचेरीच्या ओट्यावर मायलेकी दोन दिवस बसल्या. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आत बोलावणं आलं. सक्तीसाहेब वाईट माणूस नव्हता, उलट शांत होता. शांत साहेबाशी भांडता येत नाही, ही आणखी एक आफत. त्यानं सारं ऐकून घेतलं, चिठ्ठी वाचली, आणि झिंगूपुढं टेबलावरचा एक सरकारी कागद ठेवला. झिंगूनं तो घडाघडा वाचला. सक्तीच्या शिक्षणाचंच परिपत्रक होतं ते. 'पाल्य' म्हणजे काय तेवढं तिनं विचारलं.

"छान वाचते," साहेब म्हणाला.

"मंग बसवा परीक्षेले."

"बाई, शाळेचं हजेरीबुक म्हणतं मुलगी चार महिने कोसमटोल्यात होती. ही चिठ्ठी म्हणते पिंपळझरीत होती. एक मूल दोन ठिकाणी कसं असेल? हजेरीबुक खरं, तर ती पहिलीत आहे. चिठ्ठी खरी, तर ती आपल्या शाळेत गैरहजर होती. गैरहजर मुलीला परीक्षेला बसवता येत नाही. कुठलंही खरं धरा, या वर्षी चौथी नाही."

"सायेब, कायदा काय म्हंते? पोट्टी कुठी पायजे होती?"

"शाळेत."

"ते शाळेतच तं होती!"

साहेबानं टाकाची निब पुसली. मग म्हणाला, "चिठ्ठी दाखल करू का? केली तर मास्तरची चौकशी, तुमच्या नवऱ्यावर खटला. नाही केली, तर मी जूनमध्ये तोंडी परीक्षा घेऊन तिला पुन्हा चौथीत बसवायला सांगतो. एक वर्ष जाईल फक्त."

फक्त! वर्ष साहेबाचं नव्हतं. रुखमाबाईनं चिठ्ठी त्याच्या हातातून काढून घेतली आणि परत चोळीत ठेवली. घरी येईपर्यंत वीस मैल ती एक शब्द बोलली नाही. लटारू वाटेत बैलगाडी घेऊन आला होता, तो इतका घाबरला की त्यानंच बोलायला सुरुवात केली.

जूनमध्ये झिंगू पुन्हा चौथीत बसली. मागचीच पुस्तकं, मागचेच धडे. रोवणीत रुखमाबाई कमळाच्या बांधीत दहा दिवस राबली. सावड बुडाली तरी परतफेड बुडवायची नसते. चंदाचं शाळेत जाणं फाल्गुनातच थांबलं होतं. ती पुन्हा शेळ्यांमागं गेली. गुणवंतरावांनी तिचं नाव घालून घ्या म्हणून कमळाला दोनदा सांगितलं, पण कमळा म्हणाली, नाव घातलं की समन्स येतो, नाही घातलं की काही येत नाही. गेल्या वर्षाचा तमाशा पाहून साऱ्या गावानं एवढाच धडा घेतला होता.

बघताबघता दिवाळी आली. नानाजी दारात उभा राहिला. "रुखमाबाई, तीन जोड ना?"

तिला ठाऊक होतं हा प्रश्न येणार. आषाढापासून ती त्याच्याशी मनात भांडत होती. झिंगूला या वर्षी हलवायचं नव्हतं, काही झालं तरी नाही. पण दोन जोड हातांना टोळीत जागा नव्हती, आणि टोळीविना चार महिने चूल नव्हती. ती कमळाकडे गेली. या खेपेला तिचा आवाज चढला नाही.

"झिंगूले तुह्याकडे ठेव. तुह्या लहान्याले झिंगूच सांभाळीन, शाळेतून आल्यावर."

"अन् माह्याकडून?"

रुखमाबाईला ते बोलायचं नव्हतं. बोलली. "चंदाले दे माह्यासंग. कापसात."

कमळानं विचार केला आणि मान डोलावली. व्यवहार चोख होता. झिंगू चौथीत बसली, हजर राहिली, आणि पुढं चैतात पासही झाली. आरमोरीला गेली. त्याबद्दल रुखमाबाई गावभर बोलत असे आणि लोक ऐकून घेत. दुसरी गोष्ट ती कोणापाशी बोलली नाही.

ती अशी. पिंपळझरीत पोचल्याच्या तिसऱ्याच दिवशी वेचणी टाकून ती चंदाला मन्सूर मास्तरांच्या शाळेत घेऊन गेली. नानाजी शेताच्या धुऱ्यावरून ओरडत होता, तिनं ऐकलं नाही. चंदा मागच्या वर्षीची अक्षरं विसरत चालली होती, आणि ती कोणाच्या पायी विसरत चालली होती हे रुखमाबाईला पुरतं कळलं होतं. पोरीच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडल्या होत्या. दोन्ही संध्याकाळी त्यांना तेल लावताना रुखमाबाईनं स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या.

"मास्तर, हिचा दाखला नाई माह्याजवळ," ती दारातूनच भांडणाच्या तयारीनं म्हणाली. "पण ओट्यावर नाई बसणार हे. आत बसंन."

"आधी कुठल्या शाळेत नाव होतं का हिचं?"

"नाई. कुठीच नाई."

"मग दाखला कशाचा?" मन्सूर मास्तर हसले. "नवं पोर. पक्क्या हजेरीबुकात घालतो आजच."

रुखमाबाईला क्षणभर विश्वास बसेना. वर्षभर ज्या दारावर डोकं आपटलं ते नुसतं लोटल्यावर उघडलं होतं. मास्तरांनी हजेरीबुक काढलं, टाक बुडवला आणि मायेनं विचारलं, "बोल बेटा, नाव काय तुझं?"

चंदा ताठ उभी राहिली. हात सरळ सोडले. गेल्या वर्षी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत रोज सकाळी ज्या नावाला ओ देत होती, तेच मोठ्यानं, न अडखळता तिनं सांगितलं.

"झिंगू लटारू. हजर!"

मास्तरांचा टाक थबकला. त्यांनी रुखमाबाईकडे पाहिलं. सक्तीसाहेबापुढंही जिचं तोंड थांबलं नव्हतं, त्या रुखमाबाईला आता कोणावर ओरडावं ते कळेना.